गॉर्डन हॉलची तेरा वर्षे

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. बाकावर तसे रंगवूनही ठेवले आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन दोन राज्यांच्या हद्दीवर बसलेले असल्याने उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते. बाहेरून येणाऱ्याला याची मोठी गंमत वाटते आणि तो बाकावर बसून फोटो काढून घेतो. मीही काढला होता. पण त्याच फलाटावर सीताफळांच्या टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या बाया आपसात जे बोलतात, ते या चारांपैकी कशातच बसत नाही. त्यांची भाषा मावची. ती भोंग्यावर ऐकू येत नाही.

मी या तालुक्यात आलो तो १९८६ साली, शिक्षक म्हणून. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता. धुळे जिल्ह्याचाच तो आदिवासी भाग. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. आपण महाराष्ट्रातल्याच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चाललो आहोत, अशा समजुतीने मी एस.टी.तून उतरलो. आठवडाभरात ती समजूत गळून पडली. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. काहीही विचारले की तो जमिनीकडे पाही. मी प्रगतिपत्रकात लिहिले : ‘बोलत नाही. समज कमी.’ दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आला नाही. पुढे दोन वर्षांनी, मावची थोडीफार कानात बसल्यावर, मला एके दिवशी बाजारात तो दिसला. शेळीच्या किमतीवरून एका मोठ्या माणसाशी हुज्जत घालत होता आणि त्याला हरवत होता. समज कमी होती ती कोणाची, हे तेव्हा कळले. पण प्रगतिपत्रकातला शेरा माझ्या अक्षरात होता तो होताच.

ही गोष्ट मी ज्यांना सांगितली ते एक ख्रिस्ती आजोबा होते. शाळेजवळच्या पाड्यावर राहत आणि चर्चची देखभाल करत. ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तरी मराठीच बोलत आले. तो गोरा साहेब दोन वर्षं मराठी शिकून आला, आणि इकडे आम्हालाच मराठी येत नव्हती. मग आम्ही दोघं शिकलो.”

त्या एका वाक्याने मला या विषयाकडे ओढले. परका तरुण, परका देश, आणि ज्यांना काही सांगायला म्हणून आलो त्यांच्यापुढे आपण मुके आहोत हा अनुभव. त्याचे पुढे काय होते? धर्मांतर, इंग्रजी सत्ता, शाळा, दवाखाने यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे बाजू घेऊन लिहिलेले आहे. मला त्याआधीच्या, बंदरावर पाय ठेवल्यापासून पहिले वाक्य नीट बोलता येईपर्यंतच्या काळाविषयी कुतूहल होते. नवापूर-चिंचपाड्याच्या मिशनऱ्यांपासून मागे मागे जात मी ज्या माणसापाशी पोहोचलो तो खानदेशात कधी आलाच नव्हता. पण मराठी मुलखातल्या अमेरिकन मिशनची सगळी वाट त्याच्यापासून सुरू होते. त्याचे नाव गॉर्डन हॉल.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. हॉलच्या फार पूर्वीपासून गोरे लोक आमच्या भागातून जात-येत होते. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोगलाईतला व्यापारी रस्ता नंदुरबारवरूनच जाई. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये आणि जहांगिराच्या दरबाराकडे निघालेला वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच रस्त्याने गेले. फिंचने तर नंदुरबारची गढी, तलाव आणि कबरी यांची नोंद केली आहे. पण व्यापाऱ्याचे आणि वकिलाचे काम दुभाष्यावर भागते. भाव ठरला, परवाना मिळाला, की पुढचा मुक्काम. माणसाच्या मनातले बदलायला निघालेल्याला दुभाष्या पुरत नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते. त्यामुळे मराठी नीट शिकण्याची सर्वांत मोठी गरज ज्या परक्यांना पडली ते मिशनरीच होते. गोव्यात १५७९ मध्ये उतरलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ही गरज इतकी मनावर घेतली की त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये ओवीछंदात छापून निघाले. स्टीफन्सवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. हॉलच्या वाट्याला तेवढे प्रेम आले नाही, कारण त्याने काव्य लिहिले नाही.

हॉलचा जन्म १७८४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉलंड गावचा. घर शेतकऱ्याचे. विल्यम्स कॉलेजातून तो १८०८ मध्ये पदवीधर झाला. हे कॉलेज अमेरिकन मिशनच्या इतिहासात एका गवताच्या गंजीमुळे प्रसिद्ध आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थना करत असताना वादळ आले, ते गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच त्यांनी आशियात धर्मप्रचाराला जायचा विचार पक्का केला. हॉल त्या पाचांत नव्हता, पण त्याच हवेत तो वाढला. पुढे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातल्या अशाच तरुणांच्या आग्रहातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून जे ओळखले गेले ते याच बोर्डाचे अपत्य. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम शहरातल्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली : अडोनिराम जडसन, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल. हॉल तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. निघण्यापूर्वी त्याने थोडे वैद्यकही शिकून घेतले होते. हे ज्ञान त्याच्या शेवटच्या आठवड्यात कामी आले, आणि अपुरेही पडले.

त्यांना नेमके कुठे जायचे हे ठरलेले नव्हते. त्याच महिन्यात दोन जहाजांतून ही मंडळी कलकत्त्याला निघाली. ती समुद्रावर असतानाच, जूनमध्ये, इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले. कंपनी सरकारला आधीच मिशनरी नको होते. लोकांच्या धर्मात हात घातला तर राज्य डळमळेल, ही कंपनीची जुनी भीती. त्यात हे तर शत्रूच्या देशाचे. कलकत्त्यात पाऊल ठेवताच हुकूम आला की परत जा. पाच जणांची फाटाफूट झाली. जडसन आणि राइस बाप्टिस्ट पंथात गेले आणि जडसन पुढे ब्रह्मदेशात गाजला. न्यूएल आपल्या पत्नीसह मॉरिशसकडे गेला. तिथे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल वारली. तिचे तान्हे मूल तिच्या आधीच गेले होते. ती एकोणीस वर्षांची होती. हॉल, नॉट आणि नॉटची पत्नी रोक्साना यांनी मात्र मुंबईचे जहाज गाठले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले.

इथून पुढचे वर्ष हा या सगळ्या कथेचा मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग आहे. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा वृत्तीने धार्मिक आणि या तरुणांविषयी सहानुभूती असलेला गृहस्थ होता. पण कलकत्त्याहून आलेला हुकूम स्पष्ट होता : यांना इंग्लंडला पाठवून द्या. नेपियनने हुकूम मोडला नाही आणि अमलातही आणला नाही; तो टाळत राहिला. त्या टाळाटाळीच्या महिन्यांत हॉल आणि नॉट मराठी शिकत होते. ज्या देशातून उद्या हाकलून देणार आहेत त्या देशाची भाषा आज शिकायची, याला काय म्हणावे? माझ्यासारखा सरकारी नोकर बदलीची ऑर्डर निघाली की नवे शब्द शिकणे बंद करतो.

नोव्हेंबरात त्यांचा धीर सुटला. गुपचूप एका जहाजावर चढून ते दक्षिणेला निघाले. सिलोनला पोहोचलो तर कंपनीच्या कक्षेबाहेर जाऊ, असा हिशेब. कोचीनपर्यंत गेले आणि तिथून त्यांना धरून परत मुंबईला आणण्यात आले. आता नेपियनचीही अडचण झाली. त्याने सहानुभूती दाखवायची आणि यांनी पळून जायचे, हे त्याला शोभले नाही. डिसेंबरात रवानगीचा दिवस ठरला. तेव्हा हॉलने गव्हर्नरला एक पत्र लिहिले. त्यात कायद्याचा युक्तिवाद नव्हता. आपण दोघेही शेवटी एका मोठ्या न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, तिथे या गोष्टीचे उत्तर द्यावे लागेल, अशा आशयाचे ते पत्र होते. त्याचा परिणाम झाला की आणखी कशाचा हे बाजूला ठेवू. रवानगी पुढे ढकलली गेली. इंग्लंडात तोवर १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट उघडली होती. यथावकाश राहण्याची परवानगी आली. १८१४ मध्ये विधुर न्यूएल सिलोनहून येऊन मिळाला. प्रकृती बिघडल्याने नॉट दांपत्य १८१५ मध्ये मायदेशी परतले.

आता भाषेकडे वळू. १८१३ मध्ये मराठी शिकायची म्हणजे काय होते? मोल्सवर्थचा कोश निघायला अजून अठरा वर्षे होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. हाताशी होते ते विल्यम केरीचे श्रीरामपूरहून १८०५ मध्ये निघालेले व्याकरण, १८१० चा मोडी अक्षरांतला कोश, आणि मुंबईत १८०८ मध्ये छापलेले ड्रमंडचे गुजराती-मराठीवरचे पुस्तक. केरी स्वतः बंगालात राहत होता. त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ नागपूरकडचे. त्यामुळे केरीने केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची भाषा मुंबईच्या आणि कोकणच्या माणसाला परकी वाटे, अशी तक्रार पुढे वारंवार झाली. हॉलपुढचा पहिला धडा तोच होता : छापलेली मराठी आणि बंदरावर बोलली जाणारी मराठी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग उरतो माणूस. पंडित ठेवायचा, त्याच्यापाशी बसायचे आणि नंतर बाजारात जाऊन शिकलेले मोडून घ्यायचे. हॉल आणि न्यूएल देवळांच्या आवारात, बाजारात, रस्त्यांच्या नाक्यांवर जाऊन बोलू लागले. मुंबईच्या लोकांना हे दृश्य नवे होते. गोरा माणूस म्हणजे हुकूम, कचेरी किंवा पलटण. इथे तो उन्हात उभा राहून मोडक्या मराठीत वाद घालतो आहे. लोक जमत, ऐकत, प्रश्न विचारत, हसतही. हे हसणे मला महत्त्वाचे वाटते. जो राज्यकर्त्यांच्या रंगाचा आहे, त्याला उघडपणे हसता येते असा प्रसंग त्या काळात विरळाच. बोलणाऱ्याचे व्याकरण चुकले की तेवढ्यापुरती सत्ता ऐकणाऱ्याकडे जाते. माझ्या वर्गातल्या मुलांनी मी पहिल्यांदा मावचीत बोललो तेव्हा बाके बडवली होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलू लागली.

शब्दांची अडचण तर व्याकरणापेक्षा खोल. ‘पाप’ म्हटले की मराठी माणसाला पुण्य आठवते, आणि दोन्हींचा हिशेब मागल्या-पुढल्या जन्मांत पसरलेला असतो. हॉलला अभिप्रेत असलेले पाप एकाच जन्मातले आणि एकाच देवापुढचे. ‘नवा जन्म’ म्हणजे अंतःकरणाचा पालट, हे त्याला सांगायचे. ऐकणाऱ्याला त्यात चौऱ्यांशी लक्ष योनी दिसणार. देव माणूस होऊन आला, हे त्याच्या श्रद्धेचे शिखर. ज्याच्याकडे दहा अवतार आधीच आहेत त्याला त्यात नवल ते काय? मराठीला देवाधर्माचे शब्द कमी नव्हते, अडचण होती ती भरपूर असण्याची. प्रत्येक शब्द आधीच कोणीतरी राहत असलेल्या घरासारखा. तुकोबा-एकनाथांनी ज्या भाषेला शतकानुशतके घासूनपुसून ठेवले होते तिच्यात नवख्याला आपले सामान ठेवायला जागा शोधावी लागत होती.

शाळांचे असेच झाले. मिशनऱ्यांनी मोफत मराठी शाळा काढल्या, पण शिकवणार कोण? त्यासाठी इथल्याच पंतोजींना नेमावे लागले. ते बहुतेक हिंदू. पुढे बेने इस्रायल मंडळीही शिक्षक म्हणून आली. म्हणजे ख्रिस्ती पुस्तक हिंदू पंतोजी शिकवत आहे आणि यहुदी मुले ते वाचत आहेत, असा प्रकार. मुलांना आणि पालकांना हवे होते ते लिहिणे-वाचणे आणि हिशेब. मिशनऱ्यांना हवे होते ते वेगळे. दोघांनाही एकमेकांचा हेतू ठाऊक होता आणि तरी शाळा चालत होत्या. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. तीन वर्षांनी सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. ‘मिस फरार’ हे नाव फुल्यांच्या चरित्रांतून मराठी वाचकाला परिचित आहे. जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा देणारी तिची नगरची शाळा याच साखळीतली.

छापखाना आला १८१६ मध्ये. होरेशियो बार्डवेल हा मिशनरी त्याच वर्षी येऊन दाखल झाला. पुढे हॉलचे चरित्र त्यानेच लिहिले. १८१७ मध्ये बाळबोध अक्षरांत एक छोटे पुस्तक आणि पाठोपाठ मत्तयाचे शुभवर्तमान छापून निघाले. मुंबईतल्या मराठी छपाईच्या इतिहासात हे साल विसरता येत नाही. पेशवाई अजून पुण्यात होती.

तेरा वर्षांत हॉलच्या हाती धर्मांतराच्या बाबतीत काय लागले? जवळजवळ काहीच नाही. १८१९ मध्ये कादिर यार खान या मुसलमान गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला, तो हैदराबादकडचा. हिंदूंमधून तेही नाही. ज्या कामासाठी घर सोडले ते काम बोटांवर मोजण्याइतकेही झाले नाही. आणि दरम्यान सोबतचे लोक गळत होते. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. मागाहून आलेले आणखी काही सहकारी तापाने, आवेने गेले किंवा खचून परतले. हॉलने १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट ल्युइस या इंग्रज बाईशी लग्न केले होते. मुलांच्या प्रकृतीपायी १८२५ मध्ये ती दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. हॉल बरोबर गेला नाही. भाषांतर आणि छपाईचे काम अर्धे होते. त्या दोन मुलांपैकी एक वाटेत समुद्रावरच गेला. नवरा-बायकोची पुन्हा भेट झाली नाही.

२ मार्च १८२६ रोजी हॉल दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन मुंबईहून नाशिककडे निघाला. पुस्तके वाटत, बोलत जायचे असा बेत. नाशिकला पोहोचला तर गावात पटकीची साथ. गोदाकाठी माणसे पटापट मरत होती. त्याने पुस्तके बाजूला ठेवली आणि जवळची औषधे वाटायला सुरुवात केली. ती संपली तेव्हा १८ तारखेला तो परत फिरला. दुसऱ्या दिवशी रात्री एका गावी आला. जुन्या इंग्रजी चरित्रात त्याचे नाव ‘धोरली दापूर’ असे दिले आहे. झोपायला जागा मिळाली ती देवळाच्या ओसरीवर. तिथेही आजारी माणसे पडलेली होती. पहाटे चारच्या सुमाराला त्याला स्वतःला पटकी झाली. शिल्लक औषध पोटात ठरेना. २० मार्चच्या दुपारी तो गेला. बेचाळीस पुरी व्हायला अठरा-एकोणीस दिवस उरले होते. बरोबरच्या दोन मुलांनी त्याला घोंगडीत गुंडाळले, कसाबसा खड्डा करवून घेतला आणि पुरले.

ज्या देवळांविरुद्ध त्याने तेरा वर्षे भाषणे केली, त्यातल्याच एका देवळाच्या ओसरीवर त्याला शेवटचा आसरा मिळाला. यावर टाळीचे वाक्य लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. पण गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नसावे. वाटसरूने रात्री देवळात टेकायचे, हा रिवाज. कोण आहेस, काय मानतोस, हे विचारायची पद्धत नव्हती. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

हॉलला संत करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लेखनात आपल्या देवाधर्माविषयी जे शब्द येतात ते आज वाचवत नाहीत. ही माणसे भाषा नम्रपणे शिकली, पण त्या भाषेत काय साठवलेले आहे याविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. न्यूएलबरोबर १८१८ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत हॉल साऱ्या जगाच्या धर्मांतराचा हिशेब मांडतो. त्यात माणसे कोटींनी मोजलेली आहेत, चेहऱ्यांनी नाहीत. एका बाजूला नाशिकच्या रोग्याला हाताने औषध पाजणारा आणि दुसऱ्या बाजूला त्याच रोग्याची परंपरा अंधार ठरवणारा, असा हा एकच माणूस आहे. यातला एक अर्धा भाग काढून टाकून दुसऱ्याचा पुतळा करता येतो. मिशनच्या चरित्रकारांनी एक केला, आपल्याकडच्या टीकाकारांनी दुसरा.

आपल्या लोकांनी मात्र त्याच्या काळानंतर लगेच जो व्यवहार केला तो जास्त शहाणपणाचा होता. त्यांनी हत्यार घेतले आणि हेतू परत केला. गणपत कृष्णाजी यांनी मिशनचे छापकाम पाहिले आणि आपल्या धर्माची पुस्तके अशी का छापू नयेत, या ईर्ष्येने खटपट करून १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला, आणि घरोघरच्या पोथ्या त्या सुबक टायपात छापून निघाल्या. मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सनशी वाद घातला तो १८३१ मध्ये. विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना भिडले ते १८५७ मध्ये. आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीच्या वळणात आणले. जे शब्द हॉलला अडत होते ते टिळकांना अडले नाहीत, कारण ते त्या घरात जन्मलेले होते.

आता पुन्हा नवापूर. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या प्रचारकाने १८९० मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे लोक खानदेशात आले. १९४९ मध्ये संस्थेचे नाव बदलले आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीम’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय याच मंडळींनी १९४२ मध्ये सुरू केले. हॉलच्या वेळी नसलेले सगळे यांच्यापाशी होते : मोल्सवर्थचा कोश, व्याकरणे, छापील बायबल, शिकवणारे अनुभवी पंडित. आगगाडीही होती. ते रीतसर मराठी शिकले, परीक्षा दिल्या आणि नवापूरच्या जंगलात आले. तिथे आमच्या आजोबांची ती वस्ती त्यांच्यापुढे उभी राहिली. शंभर वर्षांच्या तयारीने मिळवलेली मराठी सरपणीच्या पाण्यात विरघळून गेली. बाजारात गुजराती, नंदुरबारकडे अहिराणी, डोंगरात भिलोरी, आणि इथे मावची.

इथे मराठीचे स्थान उलटे झाले. हॉलच्या मुंबईत मराठी ही परक्याने दारात उभे राहून मागायची भाषा होती. नवापुरात ती परक्याबरोबर बाहेरून आलेली, शाळेची, कचेरीची आणि प्रार्थनेची भाषा झाली. गोरा साहेब आणि साताऱ्याचा गुरुजी, दोघांच्याही हातात तीच होती. साहेबाला आपण परके आहोत हे आरशात रोज दिसे. मला दिसत नव्हते, म्हणून मला जास्त वेळ लागला. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे साहेबाने चुलीपाशी बसून, दवाखान्याच्या रांगेत उभे राहून मावची उचलली. मी प्रगतिपत्रकात शेरा लिहिला.

मिशनऱ्याने लोकांना धर्म द्यावा की नाही, हा वाद आमच्या भागात संपलेला नाही. पाड्यापाड्यांवर तो आजही तापतो आणि त्यात माणसे दुखावली जातात. त्यावर निकाल देण्याएवढा माझा अधिकार नाही. एवढेच सांगू शकतो की त्या वादात दोन्ही बाजूंनी जी भाषणे मी ऐकली, ती बहुधा मराठीत होती. ज्यांच्याविषयी ती होती त्या बायका मागे बसून आपसात मावचीत बोलत होत्या. त्या काय म्हणत होत्या हे व्यासपीठावरच्या कोणाला कळत होते असे वाटत नाही. मला आता बऱ्यापैकी कळते. एकदा त्यांतली एक दुसरीला सांगत होती की पावसाआधी घराची कौले फिरवून घ्यायला हवीत, आणि हे लोक कधी उठणार?

निवृत्तीनंतर मी गावी परत गेलो नाही. नवापुरातच राहतो. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे, त्याचा शेळ्यांचा धंदा चांगला चालतो. स्टेशनवर भेटला की त्या रंगवलेल्या बाकावर आम्ही बसतो. तो गुजरातेत, मी महाराष्ट्रात. गप्पा मावचीत होतात. माझ्या चुका तो अजून सुधारतो.